एमजीबीचे स्पीकर: पत्रा कापण्याआधी डायनॅमोकडे बघा

गुहागरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. काकांकडून आलेली १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची जुनी ब्रिटिश गाडी, आहे. इंजिन ठीक, हुड नवीन शिवलेलं. रेडिओ जुनाच, त्याच्याखाली एकुलता एक स्पीकर, तोही चिरका वाजतो. गाडी दिवाळीनंतर बाहेर निघते आणि धोपावे-दाभोळ फेरीबोटीने पलीकडे दापोली, हर्णैपर्यंत जाते. पावसात पडवीत झाकून असते. शहरातल्या दुकानदाराने सीटमागच्या पत्र्यात ६ बाय ९ इंची, '३०० वॉट'चे दोन स्पीकर बसवून द्यायची तयारी दाखवली आहे. बसवावेत का? नाही तर मग काय करावं?

बसवू नका. त्यांच्याऐवजी समुद्रावरच्या बोटींसाठी बनवलेले सव्वापाच इंची दोन कोअ‍ॅक्सिअल (एकाच चौकटीत मोठा आणि छोटा असे दोन्ही असलेले) स्पीकर घ्या, पाय ठेवायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाकडी बोर्डावर लावा आणि सीटमागे एक छोटा क्लास-डी, म्हणजे कमी वीज खाणारा, अ‍ॅम्प्लिफायर ठेवा. मूळ पत्र्याला एकही नवं भोक पडणार नाही. स्पीकर निवडायला अर्धा तास लागतो. आठवडा जातो तो त्याच्या आधीच्या कामात, आणि तेच काम बहुतेक दुकानं करत नाहीत. म्हणून आधी त्याबद्दल.

तुमची गाडी १९६६ ची आहे, म्हणजे कुणी मध्ये बदल केला नसेल तर ती पॉझिटिव्ह अर्थ आहे. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. १९६७ च्या अखेरीस मार्क टू आली तेव्हा तिला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर मिळाला (दोन्ही इंजिनाबरोबर फिरून वीज बनवतात) आणि अर्थ निगेटिव्ह झाला. त्याआधीच्या सगळ्या एमजीबींत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आज बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर, ब्लूटूथ रिसीव्हर, अगदी मोबाइलचा चार्जरसुद्धा बॉडी म्हणजे ऋण असं धरून चालतो. अ‍ॅम्प्लिफायरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा बहुधा आतून ऋण टोकाला जोडलेला असतो, अँटेनाच्या वायरची जाळीही तशीच. तो डबा तुमच्या गाडीच्या पत्र्याला टेकला की सरळ शॉर्ट. फ्यूज असला तर फ्यूज जाईल, नसला तर वायर जळेल. दुकानदाराने हे विचारलं का? विचारलं नसेल तर त्याच्या हाती गाडी देऊ नका, एवढंच सांगतो.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अर्थ निगेटिव्ह करून घेणं. ऐकायला मोठं वाटतं, पण जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम आहे. सीटमागे फळीखाली दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, त्या फिरवून क्लॅम्प बदलायचे (धन टोक जाड असतं, जुना क्लॅम्प ठोकून बसवू नये). इग्निशन कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. मग डायनॅमोच्या दोन्ही वायर काढून त्याच्या एफ टर्मिनलला बॅटरीच्या नव्या धन टोकाची वायर क्षणभर टेकवायची. ठिणगी पडते, पोलमधलं चुंबकत्व उलटतं आणि डायनॅमो नव्या दिशेने चार्ज करू लागतो. हे विसरलं तर डायनॅमो उलटाच चार्ज करायला बघतो आणि कट-आउटचे, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरीमधल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळतात. हीटरच्या पंख्याची मोटर तपासा. फील्ड वाइंडिंगची असेल तर तिला फरक पडत नाही, कायमच्या मॅग्नेटची असेल तर उलटी फिरेल, तिच्या वायर बदला. जुना एसयू पेट्रोल पंप पॉइंटवर चालतो, त्याला दिशा नसते. पण नंतर कुणी डायोड घातलेला पंप बसवला असेल तर तो उलट्या दिशेने जोडू नये. खरी मेख टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची. तो इलेक्ट्रॉनिक आहे, उघडून आतलं जोडकाम बदलावं लागतं आणि ते घड्याळजी-हाताचं काम आहे. मूळ रेडिओही पॉझिटिव्ह अर्थचाच असेल. काहींना मागे दिशा बदलायचा खटका असतो, तो आधी शोधा.

दुसरा रस्ता मूळ स्थिती जपणाऱ्यांचा. गाडी आहे तशी ठेवायची आणि इनपुट-आउटपुट पूर्ण वेगळे असलेला, म्हणजे आयसोलेटेड, १२ ते १२ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर घालून ऑडिओला स्वतंत्र वीज द्यायची. मग अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, रिसीव्हर यांतलं काहीही पत्र्याला टेकता कामा नये. लाकडावर, रबराच्या बुशवर बसवायचं. चालतं, पण खाऱ्या हवेत चार वर्षांनी एखाद्या वायरचं आवरण सोलवटलं की दोष शोधताना नाकी नऊ येतात. तुमची गाडी प्रदर्शनात मूळ स्थितीचे गुण मिळवायला उभी राहणार नसेल, तर मी पहिलाच रस्ता सुचवीन.

आता वीज किती आहे ते बघू. लुकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. आयडलला जवळजवळ काहीच नाही. रात्री दापोलीहून परतताना दोन हेडलाइट साधारण ७ ते ८ अँपिअर घेतात, मागचे-पुढचे छोटे दिवे २, इग्निशन ३ ते ४, पंप १ च्या आसपास. अवकाळी सर आली आणि वायपर लावला की आणखी ३. हातात उरतात पाचेक अँपिअर. त्यात धोपाव्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत तासभर इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची, ही तर आपल्याकडची रीतच. जुन्या पद्धतीचा क्लास-एबी अ‍ॅम्प्लिफायर अर्धी वीज उष्णतेत घालवतो. क्लास-डी त्यातली बरीचशी वाचवतो. ४५ वॉट गुणिले दोनचा क्लास-डी गाणं चांगलं खणखणीत वाजताना सरासरी २ ते ३ अँपिअर घेतो, कारण संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नसतं. हे तुमच्या डायनॅमोला झेपतं. '३०० वॉट' झेपत नाही.

आणि ते ३०० वॉट खरेही नसतात. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला ब्रिज पद्धतीने जोडलेला साधा कार स्टिरिओ कागदावरच्या गणिताने २६ वॉटच्या पुढे जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात १८ ते २० देतो. खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' लिहिलेलं असतं तो क्षणभराचा आकडा. स्पीकरवरचे ३०० वॉट म्हणजे तो क्षणभर किती सहन करेल हे. किती वाजेल हे नव्हे. किती वाजेल ते सेन्सिटिव्हिटी सांगते, डेसिबलमध्ये. तीन डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या विजेत तेवढाच आवाज. ८६ ऐवजी ९२ चा स्पीकर घेतलात तर चौथाई विजेवर काम भागतं. अल्टरनेटर बसवण्यापेक्षा हे स्वस्त. मात्र आकडा १ वॉटला मोजला आहे की २.८३ व्होल्टला, ते बारीक अक्षरात वाचा. ४ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट होतात, त्यामुळे तो आकडा आपोआप तीनने फुगतो. नामांकित कंपन्याही हे करतात.

जागेचा विचार. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. छत नसलेल्या गाडीत सीटमागची भिंत शोभेची नसते. शिवाय तिच्या पलीकडे डिक्की आणि डिक्कीखाली पेट्रोलची टाकी. त्या भिंतीला ६ बाय ९ ची दोन भगदाडं पाडली की हुड लावलेल्या दिवशी पेट्रोलचा वास सरळ तुमच्या मानेशी. आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा मूळ होत नाही. या गाड्यांची किंमत बघणारा माणूस पहिल्यांदा गालिचा उचलून तिथेच बघतो.

दरवाजे? काही मालक दाराच्या पॅडमध्ये स्पीकर लावतात आणि बसतातही. पण काच पूर्ण खाली उतरल्यावर आत किती खोली उरते ते मोजल्याशिवाय पॅडला सुरी लावू नका. मोजायची सोपी रीत आहे. पॅड काढा, स्पीकरच्या जागेच्या मागे आतल्या बाजूला कणकेचा गोळा चिकटवा, काच खाली-वर करा आणि काचेने गोळा किती दाबला ते पट्टीने बघा. बहुतेकदा स्पीकरचा मॅग्नेट तेवढ्यात मावत नाही. मावला तरी दाराच्या आत पावसाचं पाणी काचेच्या फटीतून येतंच. दारं तशीच बनवलेली असतात, पाणी आत यावं आणि तळच्या भोकांतून निघून जावं. कोकणात ती भोकं कुंभारीण माशी मातीने लिंपून टाकते. दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी तारेने मोकळी केली नाहीत तर दार म्हणजे पाण्याची टाकी.

म्हणून पायाजवळची बाजू. तिथे मूळचं पुठ्ठ्याचं आवरण असतं. ते काढून नीट गुंडाळून ठेवा. त्याच मापाचा १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा कापा, 'आयएस ७१०' चा शिक्का बघून घ्या, आणि मूळ स्क्रूच्या भोकांतच बसवा. स्पीकर थोडा वर आणि आतल्या बाजूला वळेल अशी लाकडी पाचर खाली द्या. उजव्या बाजूला जागा तंग आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय बोर्डला घासता कामा नये, म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना करून, नेहमीची चप्पल घालून गाडी चालवून बघा. प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात. कडेने फटी राहिल्या तर स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळून बास मरतो, तेव्हा बोर्डामागे बंद पेशींच्या फोमची पट्टी लावा. दोन्ही कानांपासून दोन्ही स्पीकरचं अंतर दारापेक्षा इथे जास्त सारखं पडतं, त्यामुळे आवाज मधोमध उभा राहतो. हा फायदा लोकांना नंतर कळतो.

काहीच दिसू नये असं वाटत असेल तर तिसरी वाट आहे: रेडिओखालच्या मूळ जागी दोन व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचा) एकच स्पीकर. डावा-उजवा दोन्ही चॅनल त्याच्यातून वाजतात. स्टिरिओ मिळत नाही, पण गाणं पूर्ण मिळतं.

अपेक्षेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हुड उघडं टाकून ताशी ७० ने सागरी महामार्गावर चाललात की वाऱ्याची घरघर कानाशी असते, आणि ती मुख्यतः खालच्या पट्टीतली. ती नेमकी बास गिळते. तिच्याशी वूफर लावून झगडण्यात अर्थ नाही. जेवढा बास वाढवाल तेवढी वीज जाईल आणि पायाशी फक्त थरथर जाणवेल. अ‍ॅम्प्लिफायरचा हाय-पास फिल्टर, म्हणजे खालची पट्टी अडवणारी सोय, ८० ते १०० हर्ट्झवर लावा. छोटा कोन मोठ्या झटक्यांतून सुटतो, मधली पट्टी मोकळी होते, शब्द ऐकू येतात. वाऱ्यात माणूस शब्दांवरच गाणं ओळखतो. माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली तेव्हा काही गाड्यांत सीटच्या डोकं टेकायच्या भागातच छोटे स्पीकर दिले होते, त्यामागचा हिशेब हाच. तुमच्या सीटची पाठ बुटकी आहे, तिथे ते शक्य नाही.

आता खारं वारं. घाटावरच्या दुकानात हा विषय निघतच नाही आणि आपल्याकडे स्पीकर त्यानेच मरतात. कागदी कोन पावसाळ्यात दमट होतो, त्यावर बुरशी धरते, आकार सुटतो. कडेचा फोम तर दमट उष्णतेत आपणहून विरघळतो. गाडी न चालवताही काही वर्षांत बोट लावलं की चिकट भुकटी हाताला येते. कोन पॉलिप्रॉपिलिनचा आणि कड रबराची, याला पर्याय नाही. मॅग्नेट फेराइटचा घ्या. निओडिमियमचा हलका आणि छोटा असतो, पण त्यावरचा मुलामा कुठे खरवडला की आतून फुगतो, आणि एकदा फुगला की व्हॉइस कॉइल अडकते. फेराइट स्वतः गंजत नाही. त्याच्या पुढच्या-मागच्या लोखंडी चकत्या गंजतात, त्यांना रंगाचा हात देता येतो. बोटींसाठीच्या स्पीकरच्या माहितीपत्रकात एएसटीएम बी-११७ हा मिठाच्या फवाऱ्याचा आणि डी-४३२९ हा अतिनील किरणांचा कस दिलेला असतो. नुसतं 'मरीन' छापलेलं असेल आणि यातलं काही नसेल तर ते पांढऱ्या प्लास्टिकला दिलेलं नाव समजा. पांढरा रंग एमजीबीत डोळ्यात खुपतो. काळी जाळी मागून घ्या.

जांभ्याची धूळ हा आपला खास पाहुणा. तिच्यात लोहाचा अंश असतो, ती मॅग्नेटच्या फटीत जाऊन बसते आणि कॉइल खरखरते. मागून बंद असलेला स्पीकर किंवा मागे पातळ फोमची टोपी, दोन्ही चालेल. दारातच लावायचे ठरवलेत तर त्या टोपीच्या वर प्लास्टिकचा पागोळीसारखा छज्जा हवा, म्हणजे वरून ओघळणारं पाणी कोनावर न पडता पुढे गळेल.

वायरबाबत कंजुषी नको. साधी तांब्याची वायर आपल्याकडे टोकातून हवा ओढते आणि आवरणाच्या आत फूट-दीड फूट हिरवी-काळी पडत जाते. बाहेरून काही दिसत नाही. कल्हई केलेली, म्हणजे टिन्ड कॉपर वायर घ्या. बोटींची कामं करणाऱ्यांकडे मिळते. अ‍ॅम्प्लिफायरला ४ चौरस मिमी पुरे. बॅटऱ्या सीटमागेच असल्याने वायर जेमतेम मीटरभर लागते, ही या गाडीची कृपा. टोकांना थिंबल नीट दाबून वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसत्या सोल्डरचा जोड थरथरीने कडेला तुटतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून ६ व्होल्ट घेऊन काही चालवायचा मोह होतो काही जणांना. करू नका, एक बॅटरी कायम उपाशी राहते. आणि फळी उघडलीच आहे तर बॅटऱ्यांच्या पेट्यांचा तळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आपल्या हवेत तो बहुधा चाळण झालेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी तो पत्रा.

फ्यूज बॅटरीच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत, नवा, स्वतंत्र, १५ अँपिअरचा. गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्समधून अ‍ॅम्प्लिफायरला वीज घेऊ नका. त्यातल्या लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, ते आजच्यासारखं 'सतत ३५ अँपिअर' नसून तो ३५ ला उडतो असं आहे. सतत चालवायला तो साधारण १७ चा. हे न कळून त्याच्या जागी आजचा ३५ चा फ्यूज घालणारे आहेत, मग संरक्षणाचं काम वायरिंगवर येतं.

स्पीकरच्या वायरींचं एक पथ्य. जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला लावलेली असते. नवा अ‍ॅम्प्लिफायर तिथे जोडताना ती वापरली तर पहिल्याच मिनिटाला तो जातो, कारण त्याच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. दोन्ही स्पीकरना स्वतंत्र जोड वायर ओढा. जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावा: सेलचं धन टोक स्पीकरच्या धनाला असताना कोन बाहेर यायला हवा. एक उलटा जोडला गेला तर बास गायब होतो आणि लोक स्पीकरला दोष देतात.

इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर ती डायनॅमोची. त्याच्या मोठ्या, म्हणजे आउटपुटच्या टर्मिनलवर १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. छोट्या एफ टर्मिनलवर कधीही नाही, रेग्युलेटर बिघडतो. टकटक आवाज असेल तर तो इग्निशनचा: तसाच कंडेन्सर कॉइलच्या स्विचकडच्या बाजूला, आणि प्लगच्या वायर रेझिस्टन्सवाल्या.

जुना रेडिओ डॅशवरून काढू नका. तो वाजता ठेवायचा असेल तर त्याचा मूळ स्पीकर बदलताना ओहम जुळवा आणि दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर लावू नका. २ ओहमवर त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातात. वाजत नसेल तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर त्याच्यामागे लपवा आणि रेडिओचाच खटका रिलेमार्फत अ‍ॅम्प्लिफायर चालू करायला वापरा. समोरून गाडी १९६६ चीच दिसेल.

आगोटीला, गाडी पडवीत लावण्याआधी, अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढून ठेवा आणि बॅटऱ्यांची टोकं व्हॅसलीन लावून झाका. वरून प्लास्टिकची ताडपत्री नको, आत घाम धरतो. सुती कापड घाला आणि दर पंधरवड्याला उघड पडली की दारं थोडा वेळ मोकळी ठेवा. स्पीकरच्या जाळीत कडुलिंबाचा पाला वगैरे कोंबू नका, मुंग्या त्यातही घर करतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा फ्यूज तेवढ्यापुरता परत घालून, इंजिन चालू करून पंधरा मिनिटं गाणी लावा. कोन हलता राहतो, डायनॅमो फिरतो, आणि उंदराने वायर कुरतडली असेल तर ती पाऊस संपल्यावर फेरीबोटीवर न कळता जुलैतच घरी कळते.